उमेदवार कोण? राष्ट्रपतिपदाच्या अंदाजांमागचे राजकारण

राष्ट्रपतींची मुदत संपत आली की भांडवली वृत्तपत्रांत एका ठरावीक खेळाला ऊत येतो. कोणता पक्ष कोणाच्या गळ्यात उमेदवारीची माळ घालणार याचे अंदाज वर्तविले जातात. जात, धर्म, प्रांत, वय आणि निष्ठा यांचा ताळेबंद मांडून चार-पाच नावे छापली जातात, आणि 'विश्वसनीय गोटातून' रोज एक नवे नाव पुरविले जाते. ऐनवेळी जाहीर होणारे नाव मात्र बहुधा त्या यादीत नसते. २००७ साली श्रीमती प्रतिभा पाटील यांचे नाव पुढे आले तेव्हा असेच झाले, आणि २०१७ साली श्री. रामनाथ कोविंद यांच्या बाबतीतही याहून निराळे घडले नाही. श्रीमती द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ ची आहे. म्हणजे हा खेळ पुन्हा रंगणार हे सांगण्यास ज्योतिष्याची गरज नाही.

वार्ताहर अज्ञानी असतात म्हणून हे अंदाज चुकतात असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ते चुकतात याचे कारण मूळ प्रश्नच चुकीचा असतो. 'कोण?' हा प्रश्न विचारला जातो. पण कोणाच्या मतांवर, आणि उद्या कोणत्या कागदावर सही करण्यासाठी, हे प्रश्न विचारले जात नाहीत.

राष्ट्रपतीची निवड जनता प्रत्यक्ष करीत नाही. संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य ती करतात. आमदाराच्या मताचे मूल्य १९७१ च्या जनगणनेवरून काढलेले आहे. त्यानुसार उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे मत २०८ चे, तामिळनाडूच्या आमदाराचे १७६ चे, महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५ चे, तर सिक्कीमच्या आमदाराचे अवघे ७ चे ठरते. मतदान गुप्त असते आणि पक्षादेश काढता येत नाही. एके काळी या निवडणुकीत कोणीही उभा राहू शके. १९६७ साली तर १७ उमेदवार रिंगणात होते. १९९७ पासून ५० सूचक आणि ५० अनुमोदक असल्याखेरीज अर्जच ग्राह्य धरला जात नाही. बड्या पक्षांच्या पाठबळाविना कोणी उभा राहू नये अशीच ही व्यवस्था आहे. तेव्हा उमेदवार ठरविणे म्हणजे बहुतेक वेळा राष्ट्रपतीच ठरविणे होय, आणि हा निर्णय बंद दाराआड होतो.

बंद दाराआडचे हे गणित कसे चालते, हे २००२ साली चेन्नई शहराने फार जवळून पाहिले. त्या वर्षी राष्ट्रपतिपदाचे दोनच उमेदवार होते आणि त्या दोघांचेही नाते याच शहराशी होते.

१० जून २००२ रोजी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात होते. डिसेंबर २००१ पासून ते तेथे अध्यापन करीत होते. व्याख्यान आटोपून ते परतले तो त्यांच्यासाठी सारखे दूरध्वनी येत असल्याचे त्यांना समजले. आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी त्यांना सावध केले, आणि त्यापाठोपाठ पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी स्वतः बोलले. कलाम यांनी विचारासाठी दोन तासांचा अवधी मागून घेतला आणि नंतर होकार कळविला. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे.

त्याआधीचे अनेक दिवस वृत्तपत्रांत कोणाचे नाव चालले होते? महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांचे. इंदिरा गांधींचे एकेकाळचे प्रधान सचिव, तामिळनाडूचे माजी राज्यपाल आणि १९९३ पासून मुंबईच्या राजभवनातील रहिवासी. अंदाजांच्या तराजूत त्यांचे पारडे जड होते, पण काँग्रेसने त्यांना नकार दिला. उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचेही नाव पुढे आले आणि मागे पडले. पदावर असलेले राष्ट्रपती के. आर. नारायणन यांना दुसरी मुदत मिळावी अशी डाव्या पक्षांची भूमिका होती, पण सर्वसंमती नसताना ते उभे राहण्यास तयार नव्हते. नारायणन नकोत असे सत्ताधाऱ्यांना का वाटत असावे हे समजण्यासाठी फार खोलात जावे लागत नाही. बिहारचे सरकार बरखास्त करण्याची वाजपेयी मंत्रिमंडळाची शिफारस १९९८ साली त्यांनी परत पाठविली होती.

आता बेरीज पाहावी. फेब्रुवारी २००२ मध्ये उत्तर प्रदेशात भारतीय जनता पक्ष ८८ जागांवर घसरला होता. २०८ च्या मतमूल्याच्या त्या राज्यात समाजवादी पक्षाचे १४३ आमदार निवडून आले, म्हणजे त्या एका पक्षाकडे तेथेच जवळजवळ ३०,००० मते झाली. तेलुगू देसमकडे १९९९ च्या निवडणुकीने दिलेले लोकसभेचे २९ खासदार होते, आणि खासदाराच्या मताचे मूल्य होते ७०८. तामिळनाडूत २००१ साली अण्णा द्रमुकचे १३२ आमदार आले होते; त्यांची मते २३,००० च्या वर जातात. यांपैकी एकही पक्ष वाजपेयी मंत्रिमंडळात नव्हता. या तिघांनाही नाही म्हणता येणार नाही असे एक नाव राष्ट्रीय लोकशाही आघाडीला हवे होते. ते चेन्नईच्या विद्यापीठात सापडले. तामिळनाडूत एकमेकांचे तोंड न पाहणारे करुणानिधी आणि जयललिता दोघेही या एका नावामागे उभे राहिले. काँग्रेसने पाठिंबा जाहीर केला. समाजवादी पक्षाच्या निर्णयाबरोबर लोकमोर्चा फुटला आणि डावे पक्ष एकटे उरले.

पण या बेरजेत एक हातचा होता, आणि त्याचा उल्लेख फारच थोड्या वृत्तपत्रांनी केला. फेब्रुवारी-मार्च २००२ मध्ये गुजरातेत मुसलमानांची कत्तल झाली. एप्रिलमध्ये पणजी येथे भरलेल्या भारतीय जनता पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने नरेंद्र मोदी यांचा राजीनामा फेटाळून लावला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच त्याच पक्षाने रामेश्वरमच्या एका मुसलमान शास्त्रज्ञाचे नाव पुढे केले. कलाम यांच्या विद्वत्तेबद्दल किंवा सचोटीबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते आणि डाव्या पक्षांनी ती घेतलीही नाही. प्रश्न त्यांना पुढे करणाऱ्यांच्या हेतूचा होता. ज्यांच्या राज्यात माणसे जाळली गेली त्यांना एका सज्जनाच्या नावाचे पांघरूण हवे होते, आणि काँग्रेसने ते विनातक्रार पांघरू दिले.

अशा वेळी डाव्या पक्षांपुढे दोन मार्ग होते. 'सर्वसंमती'च्या जयघोषात सामील होणे, किंवा पराभव निश्चित आहे हे जाणून लढणे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला आणि कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभे केले. त्यांचे वय तेव्हा ८७ वर्षांचे होते.

अंदाज वर्तविणाऱ्यांच्या यादीत हे नाव कधीच नव्हते. लक्ष्मी स्वामिनाथन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९१४ रोजी मद्रासमध्ये झाला. वडील मद्रास उच्च न्यायालयात वकिली करीत; आई अम्मू स्वामिनाथन पुढे घटना समितीच्या सदस्य झाल्या. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातून १९३८ साली पदवी घेऊन लक्ष्मी डॉक्टर झाल्या आणि १९४० साली सिंगापूरला गेल्या. १९४३ साली नेताजींच्या आझाद हिंद फौजेत झाशीची राणी पलटणीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. स्वातंत्र्यानंतर कानपूरमध्ये त्यांनी गोरगरीब स्त्रियांची बाळंतपणे केली. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये आणि १९८४ साली वायुगळतीनंतरच्या भोपाळमध्ये त्या वैद्यकीय मदतीसाठी धावून गेल्या. त्याच वर्षी कानपुरात शिखांवर हल्ले झाले तेव्हा जमावाला अडविण्यासाठी त्या रस्त्यावर उतरल्या. गुजरातच्या कत्तलीनंतरच्या वर्षात उमेदवाराचे हे चरित्रच एक राजकीय विधान होते. ते तसे वाचले गेले नाही याचा दोष त्यांच्याकडे जात नाही.

त्या वेळी डाव्यांवर टीकेची झोड उठली. हरणारी लढत कशासाठी? एका मुसलमान उमेदवाराला विरोध का? ही टीका करणाऱ्यांत काही प्रामाणिक माणसेही होती. त्यांना उत्तर असे की सर्वसंमती म्हणजे चर्चेला पूर्णविराम. दोन उमेदवार असले तरच अण्वस्त्रांचा, खाजगीकरणाचा, गुजरातचा आणि राज्यघटनेच्या धर्मनिरपेक्ष आशयाचा प्रश्न त्या पदाच्या संदर्भात विचारता येतो; एकच उमेदवार असला तर केवळ अभिनंदनाचे लेख लिहिता येतात. १५ जुलैला मतदान झाले आणि १८ जुलैला निकाल लागला. कलाम यांना ९,२२,८८४ मते मिळाली आणि कॅप्टन लक्ष्मींना १,०७,३६६. ही मते मुख्यतः पश्चिम बंगाल, केरळ, त्रिपुरा येथील आमदारांची आणि डाव्या खासदारांची होती. चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील मतपेटीतून या मद्रासच्या कन्येला फारसे काही मिळाले नाही.

उमेदवार निवडताना कोणता प्रश्न विचारावयास हवा होता, याचे उत्तर तीन वर्षांनी मिळाले. मे २००५ मध्ये बिहार विधानसभा बरखास्त करण्याची शिफारस मध्यरात्री मॉस्कोला पाठविण्यात आली, आणि तेथे दौऱ्यावर असलेल्या राष्ट्रपती कलाम यांनी तिच्यावर सही केली. सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरविली. आपण राजीनाम्याचा विचार केला होता, असे कलाम यांनी पुढे नमूद केले आहे. शिफारस करणारे सरकार संयुक्त पुरोगामी आघाडीचे होते आणि त्याला डाव्यांचा बाहेरून पाठिंबा होता, हेही लपविण्याचे कारण नाही. २००६ साली लाभाच्या पदांविषयीचे विधेयक त्यांनी फेरविचारासाठी परत पाठविले, हे त्यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे. म्हणजे जो प्रश्न २००२ साली कोणी विचारला नाही तोच पुढे निर्णायक ठरला: मध्यरात्री आलेल्या कागदावर हा मनुष्य काय करील?

१९७५ चा अनुभव पाठीशी असलेल्या देशात हा प्रश्न उमेदवारी ठरण्यापूर्वीच विचारला जावयास हवा. आणीबाणीच्या घोषणेवर फक्रुद्दीन अली अहमद यांनी केलेली सही विसरण्याइतकी जुनी झालेली नाही.

नावावरून अंदाज बांधणाऱ्यांची सर्वांत मोठी फजिती मात्र १९६९ साली झाली, आणि तीत महाराष्ट्राचाही वाटा होता. मे महिन्यात डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. जुलैमध्ये बंगळूरला भरलेल्या काँग्रेस संसदीय मंडळाच्या बैठकीत इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते, परंतु कामराज, मोरारजी देसाई, स. का. पाटील प्रभृतींनी नीलम संजीव रेड्डी यांचे नाव मंजूर करून घेतले. यशवंतराव चव्हाणांनीही रेड्डींच्याच बाजूने मत दिले. दोनच वर्षांपूर्वी, १९६७ साली, कामराज यांना डॉ. राधाकृष्णन यांची फेरनिवड हवी असताना इंदिरा गांधींनी झाकिर हुसेन यांचे नाव पुढे रेटले होते. त्याची ही परतफेड होती असे म्हणावयास जागा आहे. देशातील सर्वांत मोठ्या पक्षाचा अधिकृत उमेदवार ठरला म्हणजे राष्ट्रपती ठरला, असा हिशेब तेव्हाच्या पंडितांनी मांडला असल्यास नवल नाही.

परंतु त्याच जुलै महिन्यात १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि उमेदवारांच्या मागे उभ्या असलेल्या वर्गशक्ती एकाएकी उघड्या पडल्या. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर स्वतः सही केलेल्या पंतप्रधानांनी सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदानाची भाषा सुरू केली. अपक्ष उभे राहिलेले व्ही. व्ही. गिरी हे रेल्वे कामगारांचे जुने पुढारी होते, आयटकचे माजी अध्यक्ष होते, आणि १९३७ च्या मद्रास मंत्रिमंडळात त्यांनी कामगारमंत्री म्हणून काम केले होते. त्यांच्यामागे दोन्ही कम्युनिस्ट पक्ष आणि मद्रासचे द्रमुक सरकार उभे राहिले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने चिंतामणराव देशमुखांना उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाला लाथ मारणाऱ्या चिंतामणरावांचे नाव संस्थानिकांच्या आणि बड्या भांडवलाच्या पक्षांनी वापरावे, हे पाहून मराठी माणसाला क्लेश झाले असतील. पहिल्या फेरीत कोणालाही बहुमत मिळाले नाही. देशमुखांची १,१२,७६९ मते होती. दुसऱ्या पसंतीची मोजणी झाली आणि गिरींना ४,२०,०७७ तर रेड्डींना ४,०५,४२७ मते पडली. अंतर १४,६५० चे होते. द्रमुकची मते दुसरीकडे वळली असती तर निकाल उलटा लागला असता. कामराज यांच्या पक्षाने निवडलेला उमेदवार कामराज यांच्याच राज्यातील मतांनी पडला. राष्ट्रपतिपदानंतर गिरी मद्रासमध्येच राहिले आणि १९८० साली तेथेच निवर्तले.

येथे कोणी म्हणेल की ही आपल्या देशातील पक्षश्रेष्ठींच्या कारभाराची कथा झाली. अमेरिकेत उमेदवार सामान्य मतदार निवडतात, तेथे अंदाजाला काही शास्त्र असते. चेन्नईच्या वृत्तपत्रांनी २०२४ साली हाही भ्रम अनुभवला. कमला हॅरिस यांची आई मद्रासची आणि आजोबा निवृत्तीनंतर बेझंट नगरात राहणारे, म्हणून त्यांच्या प्रत्येक पावलाची बातमी येथे पहिल्या पानावर जाई. पण त्यांची उमेदवारी कशी ठरली? २०२० च्या निवडणुकीसाठी त्या पक्षांतर्गत स्पर्धेत उतरल्या आणि एकही मत पडण्यापूर्वी, डिसेंबर २०१९ मध्ये, त्यांनी माघार घेतली. २०२४ साली पक्षांतर्गत निवडणुका जिंकल्या त्या जो बायडेन यांनी. २१ जुलैला ते बाजूला झाले आणि दोन आठवड्यांत पक्षाच्या प्रतिनिधींनी हॅरिस यांची निवड केली. १९६८ साली ह्यूबर्ट हंफ्री यांनाही प्राथमिक निवडणुकांत न उतरताच उमेदवारी मिळाली होती. फरक इतकाच की त्या वेळी शिकागोच्या रस्त्यांवर व्हिएतनामविरोधी तरुणांची डोकी फोडावी लागली. मुक्त जगाच्या या आदर्शातही कोट्यवधी डॉलरचे देणगीदार आणि मूठभर पुढारी अखेरचा शब्द उच्चारतात.

पुन्हा स्वदेशाकडे वळावे. १८ जून २००७ रोजी चेन्नईत जयललिता, चंद्राबाबू, मुलायमसिंग आदी नेत्यांनी बैठक घेऊन डॉ. कलाम यांना दुसऱ्यांदा उभे राहण्याची विनंती केली. विजयाची निश्चिती असेल तर विचार करू, असे कलाम यांचे म्हणणे होते. निश्चिती नव्हती; ते उभे राहिले नाहीत. व्यक्ती म्हणून त्यांच्या या निर्णयात वावगे काही नाही. पण पाच वर्षांपूर्वी पराभवाची पूर्ण निश्चिती असूनही उभ्या राहिलेल्या वृद्ध डॉक्टरीणबाईंची आठवण अशा वेळी येणे स्वाभाविक आहे. त्याच निवडणुकीत राष्ट्रीय लोकशाही आघाडीतील शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना मते दिली. प्रांताचे नाते उपयोगी पडते ते असे, आणि कधी मुळीच पडत नाही. २०२५ साली उपराष्ट्रपतिपदासाठी सत्ताधाऱ्यांनी महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांना उभे केले. ते तिरुप्पूरचे, तेव्हा द्रमुकची पंचाईत होईल असे तर्क लढविले गेले. द्रमुकने आपली मते बी. सुदर्शन रेड्डी यांनाच दिली.

डाव्या पक्षांनी मात्र २०२२ चा धडा अधिक कठोरपणे वाचला पाहिजे. विरोधकांनी प्रथम शरद पवारांना विचारले, नंतर फारूक अब्दुल्लांना आणि चेन्नईनिवासी गोपाळकृष्ण गांधींना. तिघांनीही नकार दिला. शेवटी यशवंत सिन्हा उभे राहिले. २००२ साली कॅप्टन लक्ष्मी ज्या सरकारच्या उमेदवाराविरुद्ध लढल्या त्या सरकारात हेच सिन्हा मंत्री होते, आणि वीस वर्षांनी डाव्यांची मते त्यांना पडली. श्रीमती मुर्मू यांना ६,७६,८०३ मते मिळाली, सिन्हा यांना ३,८०,१७७. विरोधी एकजुटीसाठी ही किंमत मोजावी लागली असे समर्थन करता येईल, आणि त्यात तथ्यही आहे. तथापि एका आदिवासी स्त्रीच्या विरोधात माजी अर्थमंत्र्यांना उभे करून कोणता कार्यक्रम जनतेपुढे ठेवला गेला, हे देशातील एकाही शेतमजुराला सांगता आले नसते.

२०२७ साठी विरोधी पक्षांकडून अपेक्षा आहे ती एवढीच: राज्यपालांकडून अडविली जाणारी विधेयके, लोकनियुक्त सरकारांची बरखास्ती, जनगणनेनंतर राज्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न यांवर आपल्या उमेदवाराची भूमिका काय असेल हे आधी लेखी ठरवावे, आणि मग नाव शोधावे. त्यासाठी वेळ लागतो. २०२२ साली विरोधकांची पहिली बैठक १५ जूनला भरली, आणि अर्ज भरण्याची मुदत २९ जूनला संपत होती.